एकच त्रिपिटक, भिन्न कायदे : बौद्ध समाज आणि समलैंगिकता

२३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये दोन पुरुषांचा अथवा दोन स्त्रियांचा विवाह कायदेशीररीत्या नोंदविला जाऊ लागला. श्रीलंकेच्या दंडसंहितेत मात्र १८८३ साली आलेले ३६५ वे कलम कायम आहे, आणि त्यात अशा संबंधास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. हे दोन्ही देश थेरवादी होत. दोन्हीकडे भिक्खू त्याच पालि पातिमोक्खाचे पठण करतात, आणि उपासक-उपासिका तेच पंचशील त्याच शब्दांत ग्रहण करतात. त्रिपिटक एक असता एका देशात विवाहाची नोंद आणि दुसऱ्या देशात तुरुंगाची भीती, असे का व्हावे ?

धम्मवर्गांच्या निमित्ताने हा प्रश्न आमच्यापुढे वारंवार आला आहे. तो केवळ जिज्ञासेपोटी विचारलेला नसतो. कोणाच्या घरी मुलगा लग्नाला सतत नकार देत असतो, कोणाची मुलगी आपल्या मैत्रिणीसोबतच आयुष्य काढीन म्हणते, आणि भांबावलेले आईवडील विचारतात की याविषयी आपला धम्म काय सांगतो. या प्रश्नाला ऐकीव उत्तर देणे योग्य नव्हे. ग्रंथ काय म्हणतात, त्यांतील कोणते वचन कोणासाठी आहे, आणि कोणती गोष्ट ग्रंथांत नसून बाहेरून आली आहे, हे वेगवेगळे करून पाहावे लागेल. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

शब्दांचा प्रश्न

समलैंगिकता ही संज्ञा आधुनिक आहे. तिचे युरोपीय मूळ रूप १८६९ साली प्रथम छापले गेले. एखाद्या व्यक्तीचे कायमचे आकर्षण हाच तिच्या ओळखीचा भाग आहे, ही कल्पना त्या संज्ञेमागे आहे. पालि वाङ्मयात या अर्थाचा नेमका प्रतिशब्द नाही. तेथे कृत्यांची नावे आहेत आणि शरीररचनेची नावे आहेत. ‘पण्डक’ आणि ‘उभतोब्यञ्जनक’ हे शब्द आढळतात. उभतोब्यञ्जनक म्हणजे स्त्री व पुरुष दोहोंची लक्षणे ज्याच्या शरीरात आहेत तो. पण्डक हा शब्द अधिक अवघड आहे. भाषांतरकार कधी ‘नपुंसक’, कधी ‘षंढ’, तर कधी सरळ ‘समलिंगी’ असा त्याचा अर्थ देतात, आणि वाचकाची दिशाभूल तेथूनच सुरू होते.

पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांनी ‘समन्तपासादिका’ या विनय-अट्ठकथेत पण्डकाचे पाच प्रकार सांगितले आहेत. पहिला आसित्त-पण्डक, याचा कामदाह दुसऱ्या पुरुषाशी मुखमैथुन केल्याने शमतो. दुसरा उसूय-पण्डक, इतरांचा समागम पाहून मनात ईर्षा उत्पन्न झाली की याचा दाह शमतो. तिसरा ओपक्कमिक, याची इंद्रिये उपायाने काढून टाकलेली असतात. चौथा पक्ख-पण्डक, हा महिन्याच्या एकाच पक्षात पण्डक असतो. पाचवा नपुंसक-पण्डक, हा जन्मतःच इंद्रियहीन असतो.

या यादीकडे बारकाईने पाहिले की पण्डक म्हणजे समलिंगी हे समीकरण टिकत नाही. पाचांपैकी एकाच प्रकाराचा संबंध पुरुषा-पुरुषांतील कृत्याशी आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. याच ठिकाणी बुद्धघोषांनी ‘कुरुन्दी’ या जुन्या सिंहली अट्ठकथेचे मत नोंदविले आहे. त्या मतानुसार आसित्त आणि उसूय यांची पब्बज्जा वर्ज्य नाही. उरलेल्या तिघांची वर्ज्य आहे, आणि त्यांतही पक्ख-पण्डकाची केवळ त्याच्या त्या पक्षापुरती. म्हणजे समलिंगी कृत्याशी ज्याचा थेट संबंध जोडला आहे, त्यालाच भिक्खू होण्याची वाट मोकळी ठेवणारे मत आपल्या परंपरेत नोंदलेले आहे. ‘बौद्ध धम्मात अशांना जागा नाही’ असे ठामपणे सांगणाऱ्याने हे स्थळ अवश्य पाहावे.

विनयाची दृष्टी

भिक्खूसाठी ब्रह्मचर्य हा मूलभूत नियम आहे. पहिला पाराजिक मैथुनासंबंधी आहे, आणि तो भंगला की भिक्खुपण संपते. या नियमाचा विभंग वाचताना दिसते की स्त्री, पुरुष, पण्डक आणि उभतोब्यञ्जनक यांपैकी कोणाशीही मैथुन झाले तरी दोष सारखाच. पुरुषाशी झाले म्हणून तो वाढत नाही आणि स्त्रीशी झाले म्हणून घटत नाही. भिक्खूच्या दृष्टीने कामसंबंधच वर्ज्य आहे; जोडीदार कोण हा प्रश्न तेथे गौण आहे.

दुसऱ्या संघादिसेसात तर क्रम वेगळाच आहे. आसक्त चित्ताने स्त्रीच्या शरीराला स्पर्श करणाऱ्या भिक्खूस संघादिसेस हा गंभीर दोष लागतो. पण्डकाला स्पर्श केल्यास थुल्लच्चय, आणि पुरुषाला केल्यास दुक्कट, म्हणजे सर्वांत हलका दोष. यावरून विनयाने समलिंगी आकर्षणाला मान्यता दिली असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. परंतु विनयाला त्या आकर्षणाची विशेष घृणा होती, असा निष्कर्ष काढायलाही येथे आधार नाही.

महावग्गातील पण्डकवत्थु मात्र कठोर आहे, हे आम्ही लपवू इच्छित नाही. एका पण्डकाने पब्बज्जा घेतली, त्याने तरुण भिक्खूंना आणि सामणेरांना मैथुनासाठी आग्रह केला, आणि त्यांनी हाकलून दिल्यावर तो माहूत व मोतद्दार यांच्याकडे गेला. त्या लोकांनी सर्व शाक्यपुत्रीय श्रमण असेच असतात अशी निंदा सुरू केली. यावरून पण्डकाला उपसंपदा देऊ नये आणि दिली असल्यास त्याला संघातून दूर करावे, असा नियम झाला. त्याच खंधकात विशिष्ट पाच रोग असलेले, राजाच्या सेवेतील सैनिक, ऋणको आणि दास यांनाही पब्बज्जा देण्यास मनाई आहे. परंतु त्यांना ती दिली गेली तर दोष देणाऱ्याला लागतो. पण्डकाला मात्र संघाबाहेर जावे लागते. हा फरक मान्य केला पाहिजे. त्याबरोबर हेही पाहिले पाहिजे की हा नियम संघप्रवेशाचा आहे. भिक्षेवर जगणाऱ्या संघाची लोकांत अपकीर्ती होऊ नये, ही त्याची पार्श्वभूमी तेथेच सांगितली आहे. गृहस्थाने कसे जगावे, याविषयी तो नियम एक अक्षरही बोलत नाही.

त्याच विनयपिटकात पहिल्या पाराजिकाच्या विनीतवत्थूत आणखी एक प्रसंग आहे. एका भिक्खूच्या ठायी स्त्रीलिंग प्रकट झाले. भगवंतांना हे सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी त्या व्यक्तीला दूर केले नाही. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा आणि तितकीच वर्षे कायम ठेवून तिने भिक्खुनींमध्ये जावे, अशी अनुज्ञा दिली. एका भिक्खुनीच्या ठायी पुरुषलिंग प्रकट झाले, तेव्हाही हाच न्याय लावला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतला हा निर्णय पाहावा. शरीर पालटले म्हणून त्या व्यक्तीची ज्येष्ठता वा साधना वाया गेली नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील सोरेय्याची कथा याच धर्तीची आहे. सोरेय्य नगरातील श्रेष्ठिपुत्राने महाकच्चान थेरांची सुवर्णकांती पाहिली आणि हे आपली पत्नी असते तर, असा विचार त्याच्या मनात आला. त्या क्षणी तो स्त्री झाला. तक्षशिलेस जाऊन त्याने संसार केला आणि तो दोन मुलांची आई झाला; पूर्वी तो दोन मुलांचा बाप होताच. पुढे थेरांची क्षमा मागून तो पुन्हा पुरुष झाला, भिक्खू झाला आणि अर्हतपदाला पोहोचला. लोक त्याला विचारीत की कोणती मुले अधिक प्रिय, तेव्हा आई होऊन ज्यांना जन्म दिला ती, असे तो सांगे. ही कथा इतिहास म्हणून वाचायची नाही. परंतु ज्या समाजाने ती सांगितली आणि जपली, त्याला स्त्रीत्व-पुरुषत्वाची सरमिसळ निब्बाणाच्या वाटेतील धोंड वाटत नव्हती, एवढे त्यातून निश्चित कळते.

तिसरे शील आणि प्रतिकूल पुरावे

गृहस्थाला लागू आहे ते तिसरे शील : कामेसु मिच्छाचारापासून विरती. मिच्छाचार कशाला म्हणावे याचा खुलासा मज्झिम निकायातील सालेय्यक सुत्तात आहे. मातेच्या, पित्याच्या, भावाच्या, बहिणीच्या वा नातलगांच्या रक्षणाखाली असलेली स्त्री, पती असलेली स्त्री, वाग्दत्त स्त्री, अशांशी संबंध ठेवणे हा मिच्छाचार होय. अट्ठकथांनी ही यादी वीस प्रकारांपर्यंत वाढविली. या याद्या पुरुषाला उद्देशून आहेत आणि त्यांत स्त्रीकडे दुसऱ्याच्या रक्षणातील व्यक्ती म्हणून पाहिले आहे. त्या काळाची ही मर्यादा आहे. तथापि दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. दोन पुरुषांचा किंवा दोन स्त्रियांचा संबंध या याद्यांत नाही. आणि याद्यांमागील सूत्र विश्वासघात, बळजबरी व दुसऱ्याची हानी टाळणे हे आहे. हे सूत्र स्त्री-पुरुषांच्या संसाराला जसे लागू होते, तसेच ते इतर कोणत्याही सहजीवनाला लागू होते.

याउलट दिसणारे पुरावेही वाचकांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे. दीघ निकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात समाजाचा ऱ्हास वर्णन करताना ‘मिच्छाधम्म’ असा एक शब्द आला आहे. सुत्तात त्याचे स्पष्टीकरण नाही. अट्ठकथेने मात्र पुरुषांची पुरुषांविषयी आणि स्त्रियांची स्त्रियांविषयी आसक्ती, असा त्याचा अर्थ दिला. हा अर्थ भगवंतांनंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिला गेला. पुढे संस्कृत परंपरेत वसुबंधूंच्या ‘अभिधर्मकोशा’ने अयोग्य व्यक्ती, अयोग्य अंग, अयोग्य स्थळ व अयोग्य काळ असे काममिथ्याचाराचे चार प्रकार मांडले, आणि तिबेटी आचार्यांनी त्याच चौकटीत पुरुषा-पुरुषांतील संबंध निषिद्ध ठरविला. ती चौकट पती-पत्नीलाही तितकीच बांधते, हे सहसा सांगितले जात नाही. म्हणजे निषेधाचा स्वर बौद्ध वाङ्मयात आहे. परंतु तो मूळ सुत्तांपेक्षा उत्तरकालीन टीकांत अधिक ऐकू येतो. काळाच्या ओघात अर्थाची भर कशी पडत जाते, हे पालिच्या अभ्यासकाला नवीन नाही.

कायदा कोठून आला ?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. श्रीलंकेतील कलमाचा उगम कोणत्याही पिटकात नाही. इंग्लंडमध्ये १५३३ साली आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत अशा कृत्यास देहान्त शासन ठरविणारा कायदा झाला. त्यामागे ख्रिस्ती धर्मपीठाची पापकल्पना होती. पुढे मेकॉलेच्या मसुद्यावरून भारतीय दंडसंहिता तयार झाली. ती १८६० साली मंजूर होऊन १८६२ पासून अमलात आली, आणि तिच्या ३७७ व्या कलमात ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधाला शिक्षा आली. तीच भाषा ब्रह्मदेशात गेली, आणि तीच १८८३ साली सिलोनमध्ये गेली.

या विधानाचा पडताळा घेता येतो. कंबोडिया आणि लाओस हेही थेरवादी देश आहेत, परंतु ते फ्रेंचांच्या अमलाखाली होते. फ्रान्सने क्रांतीनंतर १७९१ सालीच हा गुन्हा कायद्यातून काढून टाकला होता. परिणामी कंबोडिया व लाओस यांच्या कायद्यात तो आलाच नाही. धम्म एक, पिटक एक. जेथे इंग्रज गेले तेथे गुन्हा, जेथे फ्रेंच गेले तेथे गुन्हा नाही. सयाम स्वतंत्र राहिला, तरी पाश्चात्त्य धर्तीवर कायदे रचताना विसाव्या शतकाच्या आरंभी त्यानेही असे कलम घेतले आणि १९५६ च्या दंडसंहितेत ते वगळले. भूतान कोणाची वसाहत नव्हती, पण त्याच्या २००४ च्या दंडसंहितेतही ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ ही उसनी भाषा होती. २०२१ साली तिच्यात दुरुस्ती होऊन प्रौढांमधील समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळण्यात आले. जपाननेही १८७२ साली असा गुन्हा आणला आणि १८८२ च्या नव्या दंडसंहितेबरोबर तो टाकून दिला.

विशेष हे की ज्या इंग्लंडने हा कायदा जगाला दिला, त्याने तो १९६७ साली स्वतःपुरता शिथिल केला. श्रीलंकेने मात्र १९९५ च्या दुरुस्तीने ३६५-अ या जोडकलमाची व्याप्ती वाढवून स्त्रियांनाही त्यात ओढले. हे कलम काढून टाकणारे विधेयक संविधानाशी विसंगत नाही, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. पण कायदा बदललेला नाही. परकीयांचा नियम स्वतःची संस्कृती म्हणून कवटाळण्याचा हा प्रकार आहे.

गुन्हा नाही म्हणजे सन्मान आहे काय ?

तसे मात्र नाही. थायलंडमध्ये ‘कथोई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यक्ती बाजारात, रंगभूमीवर, कचेरीत उघडपणे वावरतात. परंतु पूर्वजन्मी व्यभिचार केल्याने असा जन्म येतो, ही समजूत तेथे दीर्घकाळ रूढ आहे. तिला वाङ्मयीन आधारही आहे. थेरीगाथेत इसिदासी थेरी आपल्या गतजन्मांचे कथन करते, त्यात परस्त्रीगमनाचे फळ म्हणून एका जन्मी ती दासीच्या पोटी ना स्त्री ना पुरुष अशी जन्मते. सोरेय्याच्या कथेतही अट्ठकथाकाराने, परस्त्रीगमनाने पुरुषाला स्त्रीजन्म येतो, ही समजूत घुसविली आहे. या समजुतीतून थाई समाजात एक प्रकारची दया उपजते, कारण अनंत जन्मांत प्रत्येकाने हे भोगलेले असणार. परंतु दया म्हणजे समता नव्हे.

आपल्या वाचकांना ही विचारसरणी ओळखीची वाटेल. अस्पृश्याचा जन्म हे त्याच्या पूर्वकर्माचे फळ आहे, हे आपल्या पूर्वजांना शतकानुशतके ऐकविले गेले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त नाकारला. माणसाच्या दुःखाची जबाबदारी त्याच्याच माथी मारून समाजाला आणि राज्याला मोकळे करणारा तो सिद्धान्त आहे, असे त्यांनी दाखवून दिले. जो युक्तिवाद आपण आपल्या बाबतीत फेटाळला, तो दुसऱ्याच्या बाबतीत वापरण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

जपानच्या मध्ययुगीन मठांत भिक्खू आणि तेथे राहणारी किशोरवयीन मुले यांच्यातील संबंधांना प्रतिष्ठा होती, असे काही अभ्यासक कौतुकाने सांगतात. आम्हाला ते कौतुक पटत नाही. ज्या मुलाला नकार देण्याचे सामर्थ्य नाही, त्याच्याशी ठेवलेला संबंध विनयाच्याही विरुद्ध आहे आणि शीलाच्याही. प्रौढांची परस्पर संमती आणि दुर्बलाचा उपभोग यांतील सीमारेषा कधीही पुसू नये. तैवानमध्ये भिक्खुनी चाओ-ह्वेइ यांनी २०१२ साली दोन उपासिकांचा मंगल विधी बुद्धमूर्तीसमोर केला, आणि २०१९ साली तेथील कायद्याने अशा विवाहांना मान्यता दिली. परंपरेचा उपयोग कसा करायचा, हे अखेर जिवंत माणसेच ठरवितात.

आपल्या देशात

प्राचीन भारतात निषेध नव्हता आणि सर्व दोष इंग्रजांचा, असेही आपण म्हणू नये. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाशी मैथुन हे जातिभ्रंशकर पातक सांगितले आहे. त्याचे प्रायश्चित्त सौम्य आहे, पण चिंता कशाची आहे ते शब्दच सांगतो : जात जाईल याची. आठव्या अध्यायात कुमारिकेला दूषित करणाऱ्या स्त्रीला मुंडन, बोटे तोडणे आणि गाढवावरून धिंड अशा शिक्षा आहेत. शुद्धाशुद्धतेच्या ज्या कल्पनेवर हे उभे आहे, तीच अस्पृश्यतेचीही जननी होय.

बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रकरण येथे आठवणे अगत्याचे आहे. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे हा आरोपाचा विषय होता, आणि त्यांत समलिंगी संबंधांविषयीचा प्रश्नही होता. कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, अशी त्यांची बाजू होती. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. परंतु ज्या विषयाचे नाव घेणेही समाजाला असह्य होते, त्यावर मोकळी चर्चा करण्याच्या हक्कासाठी बाबासाहेब न्यायालयात उभे राहिले होते.

पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ व्या कलमातून मुक्त केले, तेव्हा निकालाचा एक आधार संवैधानिक नैतिकता हा होता. ही कल्पना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडली होती, आणि ती आपोआप येत नसून जोपासावी लागते, असे बजावले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम राहिलेले नाही. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने विवाहाचा हक्क मान्य केला नाही. म्हणजे आपल्या देशात शिक्षा गेली आहे. घरातले स्थान अद्याप मिळायचे आहे.

ते स्थान न्यायालय देऊ शकत नाही. ते आईवडील, भावंडे, शेजारी आणि विहार देऊ शकतात. म्हणून ज्या पालकांनी हा प्रश्न विचारला, त्यांना आमचे उत्तर असे आहे. तुमच्या मुलाला वा मुलीला त्रिसरण आणि पंचशील घेण्यास धम्मात कोणतीही आडकाठी नाही. तिसरे शील त्यांनाही तितकेच पाळावे लागेल : फसवू नये, बळजबरी करू नये, दिलेला शब्द मोडू नये. हे मूल तुमच्या वा त्याच्या कोणत्याही पापाचे फळ नाही. आणि कृपा करून लोकलज्जेखातर त्याचे लग्न लावून देऊ नका. तसे केल्याने एक नव्हे, दोन आयुष्ये दुःखात ढकलली जातात, आणि त्यांतील दुसरे आयुष्य कोणाच्या तरी निरपराध मुलीचे वा मुलाचे असते. बावीस प्रतिज्ञांत आपण सर्व मनुष्यमात्र समान आहेत असे मानण्याचे वचन दिले आहे. त्या वचनात कोणाचाही अपवाद केलेला नाही.